एका शब्दावरची लाल रेघ

नारपोलीतील यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. त्या आवाजातच अभ्यास करण्याची सवय झालेली एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी अलीकडे आपली उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. तिचे वडील मागावर बारा तासांची पाळी करतात. प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जाणाराच होता : वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ कादंबरीतील देवयानीचे स्वभावचित्र रेखाटा. उत्तराची सुरुवात मुलीने अशी केली होती : ‘ययातीच्या म्हणण्याप्रमाणे देवयानी गर्विष्ठ आहे.’ परीक्षकाने ‘ययातीच्या म्हणण्याप्रमाणे’ यावर लाल रेघ ओढली होती, समासात ‘अनावश्यक’ असा शेरा मारला होता आणि एक गुण कापला होता.

मुलीने मला विचारले, “सर, ते शब्द काढले, तर मग देवयानीला गर्विष्ठ म्हणतंय तरी कोण?”

प्रश्न एका गुणाचा असता, तर हे लिहिण्याचे कारण नव्हते. पण त्या लाल रेघेखाली आपल्या वाङ्मयशिक्षणाचे एक मोठे पाप झाकलेले आहे. पात्र म्हणजे जणू कादंबरीत उभा करून ठेवलेला पुतळा. त्याभोवती फिरावे, गुण-दोष मोजावेत आणि यादी करावी, अशी ही पद्धत आहे. पुतळा कोणत्या बाजूने दाखवला, दिवा कोणाच्या हाती होता आणि अंधारात काय राहिले, हे विचारणे तिच्या लेखी अनावश्यक! वस्तुतः पात्राविषयीचा आपला निवाडा बहुतेक वेळा निवेदकाने आधीच करून ठेवलेला असतो. आपण त्याखाली फक्त सही करतो.

‘ययाति’ (१९५९) हे याचे उत्तम उदाहरण आहे. १९६० चे साहित्य अकादमी पारितोषिक आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ लाभलेली ही कादंबरी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडून सांगितली आहे. एकाची साक्ष पुरेशी नाही, हे खांडेकरांना परीक्षकापेक्षा अधिक उमगले होते, याचा हा रोकडा पुरावा. तरीही सर्वाधिक पाने ययातीच्या वाट्याला येतात, आरंभही तोच करतो. त्याचे बालपण, त्याची भीती, त्याची तहान आपल्याला आतून कळते. मग त्याचा भोगलोलुप व्यवहारही आपल्याला शोकांतिका वाटू लागतो आणि त्याला आवरू पाहणारी पत्नी मात्र हट्टी नि मानी ठरते. तीच घटना देवयानीच्या निवेदनात वाचताना कचाने नाकारलेल्या एका मुलीचे दुखावलेपण दिसते. पण तोवर आपला कौल देऊन झालेला असतो.

याहून मोठा प्रश्न पुढेच आहे. ज्या तिघांना ‘मी’ म्हणण्याचा अधिकार मिळाला, ते कोण? एक राजा, एक राजगुरूची कन्या आणि एक राजकन्या. शर्मिष्ठा दासी होते खरी, पण ती वृषपर्व्याची मुलगी आहे. तिचे दास्य आपल्याला जाचते, कारण ती मुळात दासी नव्हे. जी जन्माने दासीची मुलगी आहे, त्या अलकेला राजमातेच्या आज्ञेने विष दिले जाते आणि तिचे मरण आपल्याला कळते ते ययातीच्या दुःखाचा एक प्रसंग म्हणून. वाचक हळहळतो, पण कोणासाठी? प्रेयसी गमावलेल्या युवराजासाठी! अलकेचे स्वभावचित्र कोणत्या प्रश्नपत्रिकेत विचारले गेले आहे? जिला निवेदन नाही तिला स्वभावही नाही, असाच याचा अर्थ होतो.

हे असेच घडावे, अशी कादंबरी या वाङ्मयप्रकाराची काही नियती नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिली, तेव्हा त्यांनी ‘मी’ हे सर्वनाम यमूच्या हाती दिले. त्या काळच्या पुण्यातील पांढरपेशा वाचकाला विधवेचे केशवपन ही नित्याची गोष्ट होती. शंकरमामंजींसारखा गृहस्थ चारचौघांत धर्मनिष्ठ म्हणूनच मिरवला असता. त्याच वाचकाला आपट्यांनी माजघरात नेऊन बसवले आणि यमूच्या डोळ्यांनी ओसरीकडे पाहायला लावले. आचार तोच, माणसे तीच. पण बघणारी व्यक्ती बदलताच धर्मनिष्ठा हा छळ ठरला. संमतिवयाच्या कायद्यावरून (१८९१) सभा गाजत असताना एका कादंबरीने केवळ निवेदकाची जागा बदलून जो निवाडा फिरवला, तो कित्येक व्याख्यानांना फिरवता आला नव्हता.

येथे आपल्याच बाजूचा एक सोपा समज तपासला पाहिजे. श्रमिकाच्या, झोपडपट्टीतल्या माणसाच्या तोंडी ‘मी’ दिला की न्याय झाला, असे आपण मानत आलो आहोत. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’ने (१९६५) पोक्याच्या तोंडून मुंबईच्या नाक्यावरील बेकार पोरांचे जग सांगितले, तेव्हा अभिरुचीच्या रखवालदारांनी एकच गहजब केला, आचार्य अत्र्यांसारख्या बंडखोरानेही तिच्यावर तोफ डागली. निवेदकाची भाषा म्हणजे लेखकाची नीती, असा त्यांचा हिशेब होता आणि तो साफ चुकीचा होता. पाध्यांच्या बाजूने उभे राहणे तेव्हा योग्य होते, आजही आहे. पण त्या नाक्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या मुली आपल्याला कोणाच्या नजरेने दिसतात? पोक्याच्याच. उपेक्षित निवेदकही कोणाची तरी उपेक्षा करू शकतो. म्हणून ‘कोण सांगतो’ हा प्रश्न राजाला जेवढा विचारायचा, तेवढाच रंकालाही विचारला पाहिजे.

‘कादंबरी म्हणजे काही न्यायालय नव्हे, अशी उलटतपासणी करत बसलात, तर रसास्वाद कसा घेणार?’ असा आक्षेप येईल. ज्या रसासाठी अलकेला विसरावे लागते, तो रस थोडा आटला तरी चालेल, हे एक उत्तर. दुसरे असे की, वाचनाची सवय पुस्तकाबरोबर मिटत नाही. सांगणाऱ्यावर विसंबून माणसांचे निवाडे करण्याचा सराव कादंबरीत होतो आणि त्याचा वापर रस्त्यावर होतो.

भिवंडीला हे कोणी वेगळे शिकवण्याची गरज नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली. दंगलीनंतर प्रत्येक मोहल्ल्यात आणि प्रत्येक आळीत एकेक ‘मी’ होता. प्रत्येकाच्या कथेत खलपुरुष ठरलेला होता. भिवंडी, जळगाव व महाड येथील दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती डी. पी. मदन आयोगाने काय केले? साक्षी एकमेकींसमोर ठेवल्या, उलटतपासणी होऊ दिली आणि सरकारी निवेदकालाही त्यातून सूट दिली नाही. पोलिसी तपासातील पक्षपातावर आयोगाने ठेवलेला ठपका त्यातूनच आला. ‘पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे’ या शब्दांवर न्यायमूर्तींनी लाल रेघ ओढली असती, तर तो अहवाल म्हणजे पोलिसांच्या कागदांची नक्कल झाली असती.

आणि नारपोलीत हे रोजच घडते. मागाच्या पट्ट्यात बोट सापडले, तर ‘कामगार निष्काळजी होता’ हे वाक्य कागदावर येते. ते कोणी सांगितले, हे त्या वाक्यात नसते. बाराव्या तासाला डोळे कसे जड होतात, मीटरवर मजुरी असली की माग बंद करून धागा जोडणे कसे परवडत नाही, हे त्यात येऊ शकत नाही. कारण तो कागद बोट गमावलेल्या माणसाने लिहिलेला नसतो. त्याचेही स्वभावचित्र दुसऱ्यानेच रेखाटलेले असते, एका शब्दात : निष्काळजी.

म्हणून मागणी साधी आहे. स्वभावचित्रांचे प्रश्न खुशाल विचारा, पण त्यांच्यासोबत आणखी तीन विचारा. हे कोण सांगत आहे? त्याच्या जागेवरून त्याला काय दिसू शकत नव्हते? आणि सबंध पुस्तकात कोणाला बोलूच दिलेले नाही? या प्रश्नांना पाठ्यपुस्तक बदलावे लागत नाही, अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही. शिक्षकाने लाल पेन क्षणभर खाली ठेवले तरी पुरे.

त्या मुलीला मी गुण मिळवून देऊ शकलो नाही. पुनर्तपासणीचा अर्ज करावा की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही. मात्र पुढच्या परीक्षेतही ते शब्द ती लिहिणार आहे, एवढे तिने मला निक्षून सांगितले. तिने लिहावेच. मागावर बोट गमावलेल्या एखाद्या माणसाचा कागद उद्या तिच्या हाती येईल, तेव्हा त्यातील पहिल्याच वाक्यापूर्वी तिला तेच शब्द लिहायचे आहेत : मालकाच्या म्हणण्याप्रमाणे.