चपलेला माप, मग कानाला का नको?



जत्रेत चप्पल घेताना आपण ती पायात घालून चार पावलं चालून बघतो. अंगठ्याला टोचली तर दुसरी मागतो. पण कानात घालायचे इअरफोन घरी आले, की डब्यातून काढून तसेच कानात कोंबतो. कानालाही माप असतं, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आमचा पुतण्या परवा कुरकुरत आला. "काका, हे इअरफोन बेकार आहेत. सारखे गळून पडतात, आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो." मी विचारलं, "मग ऐकतोस कसा?" म्हणाला, "आवाज पार वर नेऊन." पुढे हळूच बोलला, "रात्री निजलो की कानात रातकिडे वाजतात." हे ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला.

त्याला म्हटलं, रिकामा डबा आण. डब्याच्या तळाशी एक बारकी पिशवी होती, अजून फोडलेलीही नव्हती. तिच्यात रबराच्या टोप्यांच्या दोन जोड्या होत्या, एक लहान आणि एक मोठी. मधल्या मापाची जोडी इअरफोनवर आधीच चढवलेली असते. बाकीच्या दोन आपण डब्यासकट उकिरड्यावर टाकतो, आणि खरी मेख तिथंच आहे.

विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण घ्या. ओढणाऱ्या पाइपाचा सांधा ढिला असला, की मोटार हवा ओढते आणि पाणी चढत नाही. तेव्हा आपण मोठी मोटार आणत नाही, सांधा आवळतो. कानाचंही तसंच आहे. टोपी कानाच्या भोकात नीट बसली नाही, तर डग्ग्याचा घुमारा फटीतून निघून जातो. उरतो तो नुसता चिरका आवाज. मग माणूस आवाज वाढवत जातो आणि त्याचा भार कानावर पडतो.

आता माप कसं बघायचं ते सांगतो. एका हातानं कानाची पाळी किंचित वर आणि मागं ओढा, म्हणजे कानाची वाट सरळ होते. दुसऱ्या हातानं इअरफोन अलगद फिरवत बसवा. मग ढोलकी-तबल्याचं गाणं हळू आवाजात लावा. डग्गा घुमला, तर माप बरोबर. आवाज पोकळ वाटला, तर मोठी टोपी घाला. दुखलं किंवा दाटल्यासारखं झालं, तर लहान घाला. दोन्ही कान सारखेच असतात असं नाही. एकाला मधली आणि दुसऱ्याला मोठी लागली, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. तोंड उघडझाप करून पाहा. तेवढ्यानं निसटत असेल, तर वायर कानावरून मागं घेऊन बघा. रबर सोसत नसेल, तर फेसाळ स्पंजाच्या टोप्याही मिळतात. त्या बोटांनी दाबून आत घालायच्या आणि फुगेपर्यंत क्षणभर धरायच्या.

रबरी टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्यानं धुवा, पुऱ्या वाळवा, मगच चढवा. जाळीवर मळ बसला, तरी आवाज मंदावतो. एकाचे इअरफोन दुसऱ्यानं घालू नयेत. कान वाहत असेल, तर ते घालूच नका, डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं इतकं का सांगतो? आपल्या कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या बारीक केसाळ पेशी असतात, एकेका कानात सुमारे 15 हजार. मोठ्या आवाजानं त्या मरतात. कोंबडीच्या कानात अशा पेशी पुन्हा उगवतात, हे 1988 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. माणसाच्या कानात मात्र गेल्या त्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसानं 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंतच ऐकावा, आणि लेकरांनी 75 डेसिबलचा. उघड्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्याच्या कानाशी आवाज याच्याही वर जातो. त्यावर मात करायला गाणं वाढवलं, तर कानाचं काय होईल, तुम्हीच सांगा.

आणि एक गोष्ट गाठीला बांधा. माप नीट बसलं, की बाहेरचं ऐकू येणं कमी होतं. म्हणून रस्त्यावर, मोटारसायकलवर, ट्रॅक्टरवर, मळणीयंत्रापाशी आणि जनावरांजवळ इअरफोन कानात नकोतच. मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा आणि माजावर आलेल्या बैलाची फुरफुर ऐकू यायलाच हवी.

पुतण्याला मोठी टोपी बसली. आवाज निम्म्यावर आला, तरी गाणं पहिल्यापेक्षा भरदार लागतं. आठवडाभरात रातकिडेही थांबले. थांबले नसते, तर त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेणारच होतो. ती सूचना होती, ती वेळेवर कळली.

तेव्हा आज संध्याकाळी घरातल्या पोरांचा तो डबा शोधा. पिशवी अजून तशीच असेल.