भरपाई कोणाच्या खिशातून?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये दरवर्षी नव्या मुलांची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. तळाचा संघ आधी निवडतो, विजेता शेवटी. दुबळ्याला हात देणारी ही रीत मला पटते. पण 2012 पासून करार संपलेल्या जुन्या खेळाडूंना संघ बदलायची मोकळीक मिळाली, आणि ज्याचा खेळाडू गेला त्याला भरपाई म्हणून ड्राफ्टमध्ये एक जादा क्रमांक मिळू लागला.

आता हिशेब पाहा. 2013 मध्ये लान्स फ्रँकलिनसारखा गोलांचा धनी हॉथॉर्न सोडून सिडनीकडे गेला. करार 9 वर्षांचा, सुमारे 1 कोटी डॉलरचा. हॉथॉर्नला मिळाला 19 वा क्रमांक. पुढच्याच वर्षी जेम्स फ्रॉली मेलबर्न सोडून हॉथॉर्नकडे आला, तर मेलबर्नला चक्क 3 रा! फ्रॉली चांगला बचावपटू, पण फ्रँकलिन नव्हे. कारण एवढेच की वरच्या दर्जाची भरपाई संघाच्या स्वतःच्या पहिल्या क्रमांकामागे बसते. हॉथॉर्न विजेता होता, मेलबर्न तळाजवळ.

गरिबाला जास्त मिळाले, बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. पण दिले कोणी? हॉथॉर्नने तर काहीच नाही. तळातून तिसरा असलेला, नवखा ग्रेटर वेस्टर्न सिडनी 3 वरून 4 वर ढकलला गेला. या सौद्याशी त्याचा काय संबंध?

खेळाडू नेणाऱ्यानेच आपला क्रमांक द्यावा, हा साधा न्याय. 2023 मध्ये बेन मॅके नॉर्थ मेलबर्नमधून एसेंडनला गेला. भरपाई पुन्हा 3 रा क्रमांक, आणि एसेंडनच्या पदरचे पुन्हा काहीच गेले नाही.