वडी साबणाची, हिशेब धंद्याचा

हाताने केलेल्या साबणाचे आता कुणाला फारसे नवल वाटत नाही. बचत गटांच्या प्रदर्शनात, दिवाळीच्या भेटवस्तूंत, अगदी लग्नाच्या रुखवतातही या रंगीबेरंगी वड्या दिसू लागल्या आहेत. दोन दिवसांच्या वर्गात कृती शिकून आलेली गृहिणी चार वड्या शेजारी वाटते, त्यांचे कौतुक होते आणि मग साहजिकच मनात येते, की हे विकायला काय हरकत आहे? हरकत काहीच नाही. पण साबण करणे हे एक काम आहे आणि तो विकणे हे अगदी दुसरे. पहिले काम महिनाभरात हाती बसते. अडचण येते ती दुसऱ्यात, आणि वर्गात शिकवले जाते ते बहुधा पहिलेच.

तरी सुरुवात कृतीपासूनच करू, कारण तिथेही अंदाजपंचे चालत नाही. तेल आणि कॉस्टिक सोडा यांची रासायनिक क्रिया होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होते. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला साडेतेरा, तर एरंडेलाला तेराच्याही आत. समजा, ६०० ग्रॅम खोबरेल, ३०० ग्रॅम शेंगदाणा तेल आणि १०० ग्रॅम एरंडेल असे किलोभर तेल घेतले, तर हिशेबाने १६३ ग्रॅम सोडा लागतो. प्रत्यक्षात १५५ ग्रॅमच घालावा, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि अंग कोरडे पडत नाही. त्याला ३१० ग्रॅम पाणी. स्वयंपाकघरातल्या वाटी-चमच्याचे माप इथे कामाचे नाही. ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा ही या धंद्यातली पहिली खरेदी.

सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीही नाही. मिश्रण क्षणात कढत होते आणि नाका-डोळ्यांना झोंबणारी वाफ येते, म्हणून हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. अॅल्युमिनियमचे पातेले सोडा खाऊन टाकतो, तेव्हा भांडे स्टीलचे घ्यावे. अंगावर थेंब उडाला तर लिंबू-व्हिनेगरच्या मागे न लागता नळाखाली भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटे धुऊन थेट डॉक्टरांकडे. लहान मुले घरात असतील, तर ती शाळेत गेल्यावरच हे काम काढावे.

सोड्याचे पाणी कोमट झाले, की ते तेलात ओतून घुसळायचे. घुसळणीवरून पडलेली धार मिश्रणावर रेघ होऊन राहिली, की साच्यात ओतायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वड्या पडतात. मात्र त्या मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पाणी उडून वडी टणक होते आणि जास्त दिवस टिकते. घाई करून विकलेली वडी गिऱ्हाइकाच्या साबणदाणीत आठवड्यात लिबलिबीत होते, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

हे सहा आठवडे कॅलेंडरवर मांडून पाहा. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी साबण विकायचा, तर तो गणपती बसण्याच्या सुमारास ओतून झालेला हवा. नेमका तो पावसाळा. मुंबईत, कोकणात, गोव्यात त्या दिवसांत हवा इतकी दमट असते, की वडीतले ग्लिसरीन हवेतले पाणी ओढून घेते आणि वडीवर घामासारखे थेंब येतात. अशा वेळी पंखा लावून, जाळीवर, एकमेकींना न टेकवता वड्या ठेवाव्या लागतात. इंदूर किंवा नागपूरकडच्या भगिनींना हा त्रास कमी. जुने, खवट व्हायला आलेले तेल वापरले असेल, तर मात्र कोणत्याही गावात वडीवर नारिंगी डाग पडून वास सुटतोच.

रंगाचीही गंमत आहे. हळदीचा साबण करायचा म्हणून हळद घातली आणि मिश्रण लालसर झाले, अशी तक्रार नवशिक्या हमखास करतात. हळदीला चुना लागला की कुंकू होते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. सोडाही तेच करतो. मुरताना ही लाली पुष्कळशी उतरते, पण उटण्यासारखा सोनेरी पिवळा रंग मिळेलच असे नाही. नमुना दाखवून मागणी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता हिशेब. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, आपल्या गावचे भाव घालून ते पुन्हा मांडावेत. वरच्या कृतीतून साधारण १४ वड्या पडतात. समजा, तेल, सोडा, सुगंध मिळून ५६० रुपये लागले, म्हणजे वडीला ४० रुपये. बहुतेक जणी इथेच थांबतात, किंमत ६० रुपये ठेवतात आणि वडीमागे २० सुटले म्हणून खूश होतात. पण कागद आणि खोक्याचे १० रुपये, वीज आणि वाया गेलेल्या वड्यांचे ५ रुपये कुठे गेले? ते वजा करता हातात ५ रुपये राहिले, १४ वड्यांचे ७०. वजन करणे, घुसळणे, कापणे, गुंडाळणे, भांडी घासणे यांत साडेतीन तास गेले असतील, तर मजुरी पडली तासाला २० रुपये.

आपल्या वेळेला किंमत नाही, ही सवय घरकामाने लावली आहे. ती धंद्यात आणली, की घरचेही म्हणू लागतात, ‘तेवढाच तिचा वेळ जातो.’ तासाला ८० रुपये जरी धरले, तरी वडीमागे मजुरीचे २० रुपये होतात आणि वडी ७५ रुपयांना घरात पडते. दुकानदार तीस टक्के घेत असेल, तर १२० रुपये छापील किंमत ठेवूनही हाती ८४ येतात, म्हणजे नफा वडीमागे ९ रुपये. किंमत ऐकून काही गिऱ्हाइके पाठ फिरवतील. फिरवू द्यावी. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरी केलेली निरमा पावडर सायकलवरून स्वस्तात विकून मोठ्या कंपन्यांना हैराण केले खरे, पण ती धुण्याची पावडर होती. खोबरेलाच्या वडीला ती वाट नाही. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये अंगाच्या साबणाच्या वड्यांवरचा वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे स्वस्ताईत कारखान्याच्या वडीशी झुंजणे आणखी कठीण झाले. एकावेळी पाच किलोचा घाणा घातला, तर वेळ पाचपट लागत नाही. मजुरी वाचवायची ती अशी.

सर्वांत अवघड भाग आहे परवान्याचा. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो आणि विक्रीसाठी तो बनवायला २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देते, इतर राज्यांत तिथला औषध नियंत्रण विभाग. उत्पादन लहान म्हणून यातून सूट नाही. जागेची अट तर अशी, की ती राहत्या घराला जोडलेली नको. म्हणजे ज्या ओट्यावर साबण शिकलात, त्या ओट्यावरचा साबण विकता येत नाही. तयार ग्लिसरीनचा लगदा वितळवून साच्यात ओतणाऱ्यांनाही हाच नियम. कामावर देखरेख करणारी व्यक्ती रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली किंवा औषधनिर्माणशास्त्रातली पदविकाधारक असावी लागते. विज्ञान शाखेतून शिकून घरी बसलेल्या कितीतरी जणींकडे ही पात्रता आहे, एवढे समाधान.

दोन वाटा आहेत. चार-पाच जणींनी मिळून लहानसा गाळा भाड्याने घ्यावा, किंवा परवाना असलेल्या कारखान्याच्या जागेत आपला माल करून घेण्यासाठी वेगळा परवाना मिळतो, तो काढावा. गाळ्याचे भाडे, परवान्याचे शुल्क हेही मग वडीच्या किमतीत येते, आणि वरचे ९ रुपये पुन्हा तपासावे लागतात. म्हणून साच्यांची खरेदी करण्यापूर्वी जिल्ह्याच्या कार्यालयात एक फेरी मारून यावी.

वेष्टनावर परवाना क्रमांक, घाण्याचा क्रमांक, वजन, घटक, किंमत, कधीपर्यंत वापरावा ती तारीख आणि बनवणाऱ्याचा पत्ता हवा. ‘नायटा, इसब बरा करतो’ असे लिहिण्याचा मोह मात्र आवरावा, कारण रोग बरा करण्याचा दावा केला की साबण औषधाच्या कायद्यात जातो आणि त्याचा परवाना निराळा. कडुनिंब घातला असेल, तर ‘कडुनिंबाचा साबण’ एवढेच लिहावे.