ताप उतरला, पुढचं कोण बघणार?

मा. प्रकल्प अधिकारी, आयटीडीए, उटनूर, मा. जिल्हाधिकारी, आदिलाबाद, मा. जिल्हा वैद्यकीय व आरोग्य अधिकारी, आदिलाबाद यांना,

उटनूरला आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट बसावेत आणि त्यांनी लहान मुलांना त्यांच्या घरच्या भाषेतून शिकवावं, ही मागणी घेऊन लिहिते आहे. मागणी कोणासाठी आहे ते आधी सांगते.

माझी नात सव्वा वर्षाची असताना तिला मेंदूज्वर झाला. ताप, झटके, मग शुद्ध हरपली. डॉक्टरांनी तिला वाचवलं, ते उपकार आमच्या घरावर कायमचे आहेत. पण भिंतीला धरून पावलं टाकणारी पोर घरी आली तेव्हा मानही सावरत नव्हती. आंघोळ घालताना पाय एकमेकांवर चढायचे. अंगठा मुठीत इतका घट्ट दुमडलेला असायचा की तो सोडवून तळहात धुवायला सून आणि मी अशा दोघी लागायचो. सोडतानाच्या कागदावर गोळ्यांची नावं होती, पुन्हा दाखवायची तारीख होती. थेरपीचा उल्लेखच नव्हता. मेंदूच्या आवरणाला सूज आली की काही मुलांचं ऐकणं जातं, म्हणून घरी सोडण्याआधी, नाहीतर महिनाभरात कान तपासून घ्यायचे असतात, हेही कोणी बोललं नाही.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंची गाठ पडली. त्यांनी सुनेला जवळ बसवून दाखवलं: अंगठा टोकाला धरून ओढायचा नाही, मुळापासून हलक्या हाताने चोळत उघडायचा. भरवताना लेकराला आडवं धरायचं नाही, मांडीवर सरळ बसवायचं, हनुवटी जराशी खाली ठेवायची, म्हणजे घास श्वासनळीत जात नाही. बसवताना गोधडीची वळकटी पाठीशी द्यायची. एवढ्या शिकवणीने आमच्या घरातला जेवणाचा ठसका थांबला. ही शिकवणी दवाखान्यातून निघतानाच मिळायला हवी होती. लहान मुलाचा मेंदू पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत जास्त शिकतो. या वयात वाया गेलेले महिने पुढे भरून काढणं फार कठीण.

साहेब, हे एका घराचं दुखणं नाही. आपल्या आदिवासी एजन्सी भागात मलेरिया कोणाला नवा नाही. युगांडात मेंदूत गेलेल्या मलेरियातून वाचलेल्या मुलांना संशोधकांनी दोन वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा साधारण चारातल्या एका मुलाच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम राहिलेला होता. आपल्याकडे मात्र मूल वाचलं की ते 'बरं झालं' म्हणून नोंदवलं जातं आणि नोंद मिटते. मेंदूज्वर, मेंदूचा मलेरिया, जन्मताच गुदमरणं यांतून वाचलेल्या प्रत्येक मुलाचं नाव त्याच्या गावच्या आशा आणि एएनएमकडे गेलं पाहिजे आणि निदान दोन वर्षं त्या मुलाकडे कोणी ना कोणी वळून पाहिलं पाहिजे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. वाढीतला विलंब त्यात स्पष्ट नमूद आहे. आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायची आणि अडचण दिसेल त्या मुलाला जिल्ह्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरला पाठवायचं, अशी ती योजना. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्याच्या 25 व्या कलमात दिव्यांगांना, विशेषतः ग्रामीण भागात, घराजवळ मोफत आरोग्यसेवा देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

घराजवळ म्हणजे किती जवळ? उटनूरहून आदिलाबाद पन्नास किलोमीटरच्या वर आहे, हैदराबाद तर तीनशेच्या आसपास. महालक्ष्मी योजनेत बाईला आरटीसी बसचं तिकीट लागत नाही, हे चांगलंच झालं. पण गुड्यापासून बसरस्त्यापर्यंत मूल कडेवर घेऊन चालावंच लागतं आणि कापूस वेचणीच्या दिवसांत अख्ख्या दिवसाची मजुरी बुडते. थेरपी एकदा घेऊन भागत नाही, ती वर्षानुवर्षं चालते. म्हणून थेरपिस्टनेच उटनूरला यावं आणि आठवडी बाजाराच्या दिवशी यावं. त्या दिवशी गावागावांतून ऑटो भरून माणसं येतातच. जागेचीही अडचण नको: समग्र शिक्षाची विशेष गरजांच्या मुलांसाठी भविता केंद्रं आहेत, त्यांची खोली आणि साहित्य वापरता येईल. फक्त मूल शाळेच्या वयाचं होईपर्यंत थांबायला सांगू नका. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्केवारीसाठीही थांबवू नका. पेन्शनला टक्के लागत असतील, दुमडलेला अंगठा उघडायला लागत नाहीत.

आता भाषेचं. माझी नात घरात मराठी ऐकते, पलीकडच्या गुड्यात गोंडी चालते, कोलामांच्या घरी कोलामी, तांड्यावर बंजारा. बोलायला शिकवायचं ते आई ज्या शब्दांनी हाक मारते त्याच शब्दांनी. फक्त तेलुगू तक्ते दाखवून ते जमणार नाही. 1940 च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी मारलवाई गावात गोंड मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा गोंडी पुस्तकं देवनागरीत छापली होती. निजामाच्या काळात जे सुचलं ते आज सुचायला हरकत नसावी.

थेरपिस्ट पुरेसे मिळत नाहीत, असं उत्तर येईल. प्राणहितेच्या पलीकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे देशाने ती पद्धत उचलली. मग थेरपिस्टने आठवड्याला एक दिवस यावं आणि उरलेले सहा दिवस त्यांनी शिकवलेली आशा किंवा अंगणवाडी टीचर घरी जाऊन आईचा हात धरून दाखवेल, हे का होऊ नये? मी स्वतः अंगणवाडीत उभं आयुष्य काम केलं आहे. या बायका शिकतात, आणि मनापासून करतात. मात्र या कामाचे त्यांना वेगळे पैसे द्या; आणखी एक फुकटची जबाबदारी त्यांच्या गळ्यात नको.

पुढच्या महिन्यातला एक बाजाराचा दिवस ठरवा आणि त्याची सूचना मराठी, गोंडी आणि तेलुगूत प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर लावा. मुलांना घेऊन येण्याचं काम आम्ही करू.

आपली नम्र,
उटनूर मंडळातील एक आजी