पातळ तळाचे बूट आणि उतावळे पाय

सकाळची लाँच धक्क्याला लागायच्या आत रेवसच्या बंदर रस्त्यावर मी रोज थोडी धावून घेते. आता दोघीतिघी शेजारणीही येतात. त्यांतल्या एकीने परवा विचारलं, "बाई, तुमच्यासारखे पातळ तळाचे बूट घेऊ का? त्यानं गुडघे दुखत नाहीत म्हणे." तिला सांगितलं तेच तुम्हांला सांगते, कारण त्याच बुटांनी मला दोन महिने घरी बसवलं होतं.

या बुटांत टाचेखाली जाड गादी नसते. भावाने मुंबईहून आणून दिले, तेव्हा मला वाटलं, लहानपणी शाळेत अनवाणीच जात होतो की आपण! पहिल्याच दिवशी डांबरी रस्त्यावर नेहमीचे चार किलोमीटर धावले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय? दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की जिना उतरताना कठडा सोडवेना. तरी हट्टाने धावतच राहिले. तिसऱ्या आठवड्यात पावलाच्या वरच्या बाजूला एकाच जागी बोट ठेवलं की कळ येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, हाडाला सूज आहे, अजून धावलात तर चीर पडेल. मग काय, स्टुलावर बसून स्वयंपाक आणि सकाळचा चहा ह्यांच्या हातचा. (बरा करतात, हे तेव्हा कळलं.)

2013 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दहा आठवड्यांत असे बूट वापरू लागलेल्या 19 धावणाऱ्यांपैकी 10 जणांच्या पायाच्या हाडांत अशीच सूज वाढलेली आढळली होती. जुन्याच बुटांत धावणाऱ्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. कारण साधं आहे. पातळ बुटात आपण टाचेऐवजी चवड्यावर उतरू लागतो. गुडघ्यावरचा भार हलका होतो खरा, पण तो पोटरीवर आणि पावलाच्या बारीक हाडांवर जातो. स्नायू लवकर तयार होतात, हाडं सावकाश.

2014 साली साठी ओलांडलेल्या लता करे यांनी बारामतीची शर्यत नऊवारीत, अनवाणी धावून जिंकली. पण त्यांचे पाय जन्मभर शेतात राबलेले. आपले मात्र वर्षानुवर्षं चपलाबुटांत!

तेव्हा पहिले दोनतीन आठवडे ते बूट घालून नुसतं चालावं, घरकाम करावं. भिंतीला हात टेकून टाचा उचलाव्यात, दहापंधरा वेळा. जमिनीवर पंचा पसरून पायाच्या बोटांनी गोळा करावा. मग नेहमीच्या धावण्यातली पाचच मिनिटं या बुटांत, बाकी जुन्यांत, आणि तीही एक दिवसाआड. दर आठवड्याला मिनिटभर वाढवा. पावलं लहान टाका, आवाज होऊ देऊ नका. पोटरी दुखली तर दोन दिवस थांबा, उतरेल. पण हाडावर एकाच जागी दुखलं तर धावणं बंद आणि सरळ डॉक्टरांकडे. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांनी या वाटेला जाऊच नये, बरं का.

आमच्या शेजारणीने बूट घेतले. सध्या ती ते घालून अंगण झाडते आहे.