त्या कुटीत आधी कोण राहत होते?

सोयाबीनचा भाव आणि कपाशीवरची बोंडअळी याबद्दल याच पानावर पूर्वी जे लिहिले, त्यातली एक ओळही यंदा बदलावी लागली नसती. म्हणून त्या दुखण्याला हात न घालता वर्षभर मनात सलत राहिलेल्या दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहीत आहोत.

आमच्याकडे गावोगावच्या कामांचे वृत्तांत येतात. ग्रामस्वच्छता, दारूबंदी, बचतगट, शाळेच्या भिंतींची डागडुजी. राबलेल्या असतात बायका, आणि नाव छापायला येते ते एखाद्या भाऊसाहेबांचे. फोटोत मागच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांची नावे विचारली, की पाठवणाऱ्यालाच ती ठाऊक नसतात. याचा राग येतो.

ही खोड जुनी आहे. सेवाग्रामची बापूकुटी पाहिलेली नाही असा आमचा वाचक विरळाच. माती, बांबू आणि कवेलूंचे ते घर मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधून घेतले होते. गांधीजी तिथे नंतर राहायला आले. भिंतीवर मातीतून उठवलेली झाडे आणि चरखा हेही मीराबेन यांच्याच हातचे. आपण तिथे हात जोडतो, फोटो काढतो आणि परत येतो.

मीराबेन म्हणजे ब्रिटिश आरमारातल्या ॲडमिरलची मुलगी मॅडलिन स्लेड; ती १९२५ साली गांधीजींच्या साबरमती आश्रमात आली. दहा वर्षांनी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी गावात ती काय करत होती, ते पाहण्यासारखे आहे. गांधीजी तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत होते. त्यांचे सहकारी सकाळी बादल्या घेऊन सिंदीच्या वाटांवरची घाण उचलायला जात. ती उचलली जाई आणि वाटा पुन्हा घाण होत. पुढे मीराबेन त्या गावातच राहायला गेल्या. सकाळी येऊन सेवा करून परतणे वेगळे आणि त्याच गावात बिऱ्हाड थाटणे वेगळे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, आले. त्याआधी तिथे राहून गावाची ओळख करून घेणाऱ्याही मीराबेनच. हे पुढारपण नव्हे तर काय? पण आपण त्यांना बापूंची शिष्या म्हणतो आणि तिथेच थांबतो. मार्जरी साइक्स यांच्या वाट्याला तर तेवढेही आले नाही. सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचे शिक्षक घडवणारी ही इंग्रज बाई इथे किती जणांना आठवते?

या दोघी बाहेरच्या होत्या, असे कुणी म्हणेल. पण सासरी आलेली प्रत्येक सून गावाला बाहेरचीच असते. माहेरचे गाव सोडून आलेल्या या बायकांनीच आपली गावे धरून ठेवली आहेत. यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘घर’ आहे, आणि दुसऱ्याच्या गावाला आपले घर करणाऱ्या या बायांना वगळून तो पुरा होणार नाही, असे आम्हाला वाटते.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. तुमच्या गावात अशी कुणी असेल, तर तिने काय केले ते आम्हाला लिहून कळवा. ती कुणाची बायको, कुणाची सून हे नको. तिचे स्वतःचे नाव आणि तिचे काम एवढेच लिहा. पुढच्या दिवाळीला आम्ही ते छापू.