‘किमान’ या शब्दाची किंमत

संगणकांना जोडणारी तांब्याची केबल एकदा भिंतीत गेली, की दहा-पंधरा वर्षे बाहेर निघत नाही. संगणक बदलतात, स्विच बदलतात. केबल तीच राहते. त्यामुळे अधिक वेगाचे नवे मानक येऊ घातले, की ग्राहकाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा एकच असतो : आहे त्या केबलवर हा वेग किती अंतरापर्यंत मिळणार? याचे उत्तर मानकाच्या शेकडो पानांत नव्हे, तर त्याआधी मंजूर होणाऱ्या उद्दिष्टांच्या मोजक्या ओळींत दडलेले असते. त्या ओळी संदिग्ध राहिल्या तर काय होते, हे ‘१०जीबेस-टी’च्या इतिहासावरून दिसून येते.

इथरनेटची मानके ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेचा ८०२.३ हा कार्यगट घडवितो. नव्या विषयात कितपत स्वारस्य आहे, हे आधी आजमावले जाते. मग अभ्यासगट नेमला जातो. बाजारपेठ, जुन्या मानकांशी सुसंगती, वेगळेपण, तांत्रिक शक्यता आणि आर्थिक शक्यता या पाच कसोट्यांवर विषय तपासायचा व उद्दिष्टांची यादी तयार करायची, हे या गटाचे काम. तांत्रिक निर्णयांसाठी ७५ टक्के मतांची अट असते. चिप, केबल आणि स्विच या तिन्ही उद्योगांतील मंडळी तेथे एकत्र बसतात व प्रत्येकाचे हितसंबंध निराळे असतात. साहजिकच, सर्वांना मान्य होईल अशी शब्दरचना शोधण्याकडे कल असतो. संदिग्धतेचा धोका निर्माण होतो तो येथेच.

१९९९ मध्ये मंजूर झालेल्या ‘१०००बेस-टी’चे वचन सरळ होते : कॅट-५ केबलच्या चार जोड्यांवरून १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट. नोव्हेंबर २००२ मध्ये याच्या दहापट वेगाचा विषय तांब्यासाठी पुढे आला. त्यातून निघालेली बहुतेक उद्दिष्टे चोख होती. भौतिक स्तर एकच असेल. इथरनेटच्या चौकटीचा आराखडा बदलणार नाही. मार्गात चार जोडण्या असल्या तरी काम चालेल. एक लाख कोटी बिटांमागे एकाहून अधिक चूक होणार नाही. यातील प्रत्येक गोष्ट मोजता किंवा तपासता येते.

अंतराच्या बाबतीत मात्र दोन वाक्ये दोन तऱ्हांची होती. प्रत्येक जोडीला स्वतंत्र आवरण असलेल्या ‘क्लास एफ’ केबलसाठी ‘किमान १०० मीटर’ असे म्हटले होते. ‘क्लास ई’साठी, म्हणजे बाजारात कॅट-६ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केबलसाठी, ‘किमान ५५ ते १०० मीटर’ अशी रचना होती. ‘किमान’ या शब्दाला एकच आकडा शोभतो. पल्ला दिला, की विक्रेता १०० वाचतो आणि अभियंता ५५.

या पल्ल्यामागे कारण होते. कॅट-६ केबलची मोजमापे २५० मेगाहर्ट्झपर्यंतच निश्चित केलेली होती. नव्या वेगाला सुमारे ४०० मेगाहर्ट्झपर्यंतची मजल हवी होती. शिवाय एकाच जुडग्यातील शेजारच्या केबलचा गोंगाट या वेगाला मारक ठरतो. तो किती, हे केबल कशी टाकली आहे यावर अवलंबून असते. पण मग कोणत्या परिस्थितीत ५५ आणि कोणत्या परिस्थितीत १००, हे त्याच ओळीत सांगणे आवश्यक होते.

मानक जून २००६ मध्ये मंजूर झाले. २००७ मध्ये अमेरिकेतील दूरसंचार उद्योग संघटनेने, ‘टीआयए’ने, प्रत्यक्ष टाकलेल्या कॅट-६ केबलविषयी मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार ३७ मीटरपर्यंत अडचण नाही. ३७ ते ५५ मीटरच्या टप्प्यात शेजारच्या केबलचा गोंगाट तपासून, गरज पडल्यास उपाय करून मगच भरवसा ठेवायचा. पूर्ण १०० मीटरसाठी ५०० मेगाहर्ट्झची कॅट-६ए केबल आली. तिचे मानक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान ज्यांनी १०० या आकड्यावर विसंबून कॅट-६ टाकली असेल, त्यांच्यापुढे भिंती पुन्हा फोडणे किंवा जुन्याच वेगावर समाधान मानणे, एवढेच पर्याय उरले. विजेचा खप हा विषय तर उद्दिष्टांच्या यादीत आलाच नव्हता. सुरुवातीच्या चिप दर पोर्टमागे कित्येक वॅट खात आणि त्यामुळे या मानकाचा प्रसार रेंगाळला.

पुढच्या वाटचालीत भाषा सुधारलेली दिसते. वायफायचा वेग एक गिगाबिटच्या पुढे जाऊ लागल्यावर २०१६ मध्ये आलेल्या मानकाने कॅट-५ई केबलवर १०० मीटरपर्यंत अडीच गिगाबिटची हमी दिली. वेग माफक, पण वचन पक्के. डेटा सेंटरमधील तांब्याच्या आखूड केबलींचे उदाहरणही बोलके आहे. तेथे मार्गिकेमागील वेग १० गिगाबिटवरून १०० गिगाबिटवर गेला, तसे उद्दिष्टातील अंतर २०१० मध्ये ७ मीटर, २०१४ मध्ये ५, २०१८ मध्ये ३ आणि २०२२ मध्ये २ मीटर असे घटत गेले. भौतिकशास्त्रापुढे घेतलेली ही माघार आकड्यांत कबूल केलेली असल्याने सर्व्हरचे रॅक कसे मांडायचे, हे आधीच ठरविता येते.

मोठ्या पल्ल्याच्या मोघम वचनापेक्षा छोट्या पल्ल्याचे पक्के वचन ग्राहकाला स्वस्त पडते. केबलच्या निविदेवर सही करणाऱ्याने म्हणूनच माहितीपत्रकातील वेगापाशी थांबू नये. कोणत्या केबलवर, किती जोडण्यांसह, किती मीटरपर्यंत, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरात ‘किमान’ या शब्दापुढे दोन आकडे आले, तर त्यातला लहान आकडाच खरा मानावा.